उघडेल त्याचं पत्र

— नाही हो एजे, ताई माझ्या, पत्र आलेलंच नाही. बघा ना तुम्हीच, खुर्ची अशी इकडे ओढून घ्या, हे मशीन काही माझ्या माहेरचं नाही की माझ्यासाठी लपवून ठेवेल. एसेनगुल नावानं शोधलं — काही नाही. सारी-ताला पूल म्हणून शोधलं — काही नाही. नुसतं ‘पूल’ घातलं तर ही एवढी पत्रं, पण सगळी खालच्या खोऱ्यातली, तुमच्या नवऱ्याचं त्यात एकही नाही. आणि जरा हळू बोला. आत साहेबांकडे राजधानीची, बिश्केकची माणसं बसलीयत. आमचा इनबॉक्स बघायला आलीयत ती — हो, खरंच, एवढ्या लांबून, इनबॉक्स बघायला. साऱ्या प्रांतात रस्तेखात्याची एकच कचेरी अशी की जिचा इनबॉक्स रोज संध्याकाळी रिकामा होतो, ती ही. त्यामुळे आज मला इथे रडारड नकोय. नाही, तुम्ही रडताय असं नाही म्हणत मी. चहा घ्या. घ्या हो, गार होतोय.

मला कळतंय सगळं. मी काय दगड आहे? वरच्या कुरणावर निघालेले ट्रक आज दुपारनंतर पुलावर पोचणार, युर्तचं, तंबूचं सामान, म्हाताऱ्या, पोरं, सगळं त्या सामानावरच बसलेलं. आणि पुलाची तुळई चिरलीय. दुपारी बर्फाचं पाणी चढलं की खालचा खांबही हलतो म्हणता. मग तुमच्या नवऱ्यानं, एसेनगुल बाइकेंनी टाकावा ना रस्त्यावरचा दांडा खाली, पुलाचे राखणदार आहेत ते — हो, हो, माहितीये, गेल्या वर्षीचं मला नका सांगू, मीच टाईप केली होती ती ताकीद. ‘कोणाच्या हुकमानं रस्ता अडवला.’ ड्रायव्हरांनी दांडा उचलून बाजूला ठेवला, वर तक्रारही केली. आता त्यांना कागद हवा. बरोबरच आहे. कागद नसला की ड्रायव्हर त्यांना म्हणणार, बाबा, तू बाजूला हो, थंडी लागेल. पण कागद निघायला आधी पत्र आलेलं पाहिजे ना? आलेल्या पत्राला क्रमांक पडतो, क्रमांकावर हुकूम निघतो. पत्रच नाही तर मी हुकूम कशावर काढू, तुमच्या डोक्यावरच्या रुमालावर?

मी इथे सगळ्या तऱ्हा बघितल्यात, एजे. मेल नवीन आली तेव्हा मी प्रत्येक पत्र छापून काढायची, त्यावर शिक्का मारायची, गावागावाच्या फाईलीत लावायची. हसायचे सगळे. पण गाव सांगा, पत्र हातात. मग कपाटं भरली, साहेब म्हणाले कागद बंद. मग नुर्झामाल आली, ती पलीकडच्या टेबलावर बसते, आज इथेच कुठेतरी पाहुण्यांसाठी बोर्सोकच्या पुऱ्या तळून घ्यायला गेलीय — तिनं रंग आणले. तातडीचं लाल, जरा थांबलं तरी चालेल ते पिवळं, उत्तर दिलेलं हिरवं. फार सुंदर दिसायचं हो, एखाद्या शिर्दाक गालिच्यासारखं. पण महिन्याभरात सगळंच लाल. कारण कोण म्हणेल माझं पत्र पिवळं? आणि तिसरे आमचे तोक्तोसुन बाइके — त्यांची तऱ्हा सगळ्यांत जुनी. ते उघडतच नाहीत. हजारो पत्रं तशीच पडलेली असायची, ठळक अक्षरांत. म्हणतात, ज्याला खरंच गरज आहे तो फोन करेल, ज्याला फारच गरज आहे तो येईल. आणि गंमत बघा, त्यांना आजवर एक शब्द कुणी बोललेलं नाही. मला दोनदा मेमो मिळाला. कारण मी उघडत होते.

ते कसं ते सांगते, तुम्हाला उपयोगाचं आहे. सगळ्या कचेरीचा पत्ता एकच आहे. आम्ही तिघं त्या एकाच इनबॉक्सवर बसतो. मग पत्र कुणाचं? — जो उघडेल त्याचं. असं कुठं लिहिलेलं नाही, पण तसंच आहे. उघडलंस तर तू वाच, तूच क्रमांक टाक, तूच इंजिनिअरच्या मागे पळ, आणि बिघडलं तर तूच. म्हणून आम्ही वरूनच वाचतो. विषयाची ओळ आणि खाली दिसतात ते चार शब्द, तेवढ्यावरून कळतं. आणि चुकून उघडलंच गेलं तर पुन्हा ठळक करून ठेवायचं, ‘न वाचलेलं’ असं दाबलं की झालं, जसं काही कुणी हातच लावला नव्हता. सगळेच करतात. तुमच्या गावातही करत असतील, दुसऱ्याचं मेंढरू आपल्या कळपात दिसलं की हळूच वाटेवर नेऊन सोडतात तसं.

मग कुबात साहेब आले, आत बसलेत तेच. तरुण माणूस, शिकलेला, उद्धट नाही हं, नमस्कार आधी करतो. म्हणाला, बुरूल एजे, पत्र म्हणजे सोडवायचं काम असतं, साठवायची वस्तू नाही. रोज सहाला इनबॉक्स रिकामा. उत्तर द्या, पुढे पाठवा, नाहीतर कप्प्यात टाका, पण समोर एकही दिसता कामा नये. आणि मशीनला नियम शिकवले. जाहिराती एका कप्प्यात, वरिष्ठांची पत्रं एका, सणावाराची एका. ते तर हवंच होतं हो! नवरोज आला की प्रत्येक शाळा, प्रत्येक दवाखाना, प्रत्येक गावची कचेरी फुलांचं एक चित्र पाठवते, त्यात खरं काम बुडून जातं. आता ‘शुभेच्छा’ शब्द दिसला की मशीन ते पत्र स्वतःच उचलतं, बाजूला टाकतं, आणि वरून उत्तरही देतं. आपणांस व आपल्या कुटुंबीयांस—

काय? काय दाखवताय? द्या इकडे फोन, चष्मा लावू दे.

...हे आमचंच उत्तर आहे. ट्यूलिपचं चित्र, हो. ‘आपणांस व आपल्या कुटुंबीयांस उत्तम आरोग्य, सुख व शांती लाभो.’ हे एसेनगुल बाइकेंना आलं? कधी? त्यांनी काय पाठवलं होतं त्याला? — थांबा, कळलं. देवा रे. नवीन पत्र कसं काढायचं ते माहीत नाही त्यांना. आमच्याकडून नवरोजला शुभेच्छा गेल्या होत्या सगळ्या राखणदारांना, तेवढी एकच आमची मेल त्यांच्या फोनमध्ये. तीच उघडायची, खाली ‘उत्तर द्या’ दाबायचं आणि लिहायचं. म्हणजे वर विषय तोच — नवरोजच्या हार्दिक शुभेच्छा — आणि खाली पूल. आणि मशीनला वरचं तेवढंच वाचता येतं. तीन वेळा पाठवलं? आणि तिन्ही वेळा त्यांना ट्यूलिप? आणि त्यांना वाटलं कचेरी थट्टा करतेय. वाटणारच. मला वाटलं असतं.

हे बघा, आहेत. शुभेच्छांच्या कप्प्यात, मघाचा शोध तिथवर जातच नाही. वधूवरांच्या चित्रांखाली. बरं. आता घाबरायचं नाही, आता वाट सापडलीय. आपण असं करू या. हे जुनं राहू दे तिथंच, त्याला हात लावायचा नाही. तुम्ही आत्ता माझ्यासमोर नवीन पत्र लिहा, मी सांगते तसं, विषय नीट, ‘धोकादायक पूल’, मी ताबडतोब क्रमांक देते, इंजिनिअरकडे जाईल. तीन कामाचे दिवस — हो, नियम आहे तसा — पण मी स्वतः मागे लागेन, कदाचित दोन दिवसांतच... आज? आज कसं होईल, एजे? इंजिनिअर खाली बोगद्याच्या कामावर आहे. तो येणार, बघणार, मग सही. तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. तोवर बाइकेंना सांगा, कसंही करून थांबवा, विनवण्या करा, रस्त्यात आडवे पडा. कारण ते लाकूड काही ट्रक पेलायचं नाही, त्या फोटोत सरळ दिसतंय, चिरेत त्यांची आख्खी बोटं गेलीयत, मनगटापर्यंत—

फोटो.

हो, तुम्ही फोटोचं काही बोलला नव्हतात. नाही बोललात. आणि आत्ता मी पत्र उघडलेलं नाही, तेही तुम्ही बघितलंत, शेजारीच तर बसलायत.

बरं, ऐका. ऐका तर. पहिलं पत्र आलं त्या सकाळी मी होते इथे. मशीन कप्प्यात टाकतं, पण मी सवयीनं कप्पे बघते, सगळी जिंदगी फाईली बघण्यात गेली. वर शुभेच्छा, आणि नवरोज होऊन इतके दिवस झाले, म्हटलं हे काय — उघडलं. फोटो. हात दिसला त्यांचा, अंगठ्याचं नख काळं आहे ना त्यांच्या? तोच. वाचलं. आणि मग— साहेबांनी त्याच दिवशी सांगितलं होतं, बिश्केकची माणसं येणार म्हणून, एकही पत्र मागे राहायला नको. आणि मला पेन्शनला किती राहिलंय तुम्हाला काय माहीत, आणि दोन मेमो आधीच आहेत. मी म्हटलं, पुन्हा लिहील तो. नीट लिहील. दुसऱ्या कुणाच्या पाळीत येईल. नुर्झामाल तरुण आहे, तिला सगळे कामाला पिटाळतातच, तिनं उघडावं. मी परत ठळक केलं. एक बोट लागतं त्याला. मग दुसरं आलं, तिसरं आलं, ती मी उघडलीसुद्धा नाहीत, शपथेवर सांगते. उघडायची गरजच नव्हती. मला माहीत होतं आत काय आहे ते.

शिव्या द्या. तुमच्या जागी मी असते तर हा कप उचलला असता.

नाही, बसा. उठू नका. एक वाट आहे, मला मघाशीच माहीत होती. मुदत उलटलेलं पत्र बाहेर काढलं ना — खऱ्या तारखेनं, जसं आलं तसं — तर ते साहेबांकडे जातच नाही, थेट प्रांताच्या कचेरीत जातं. तिथे पाळीवरचा इंजिनिअर बसलेला असतो. पुलाचं, धोक्याचं, मुदत उलटलेलं, असं पत्र दिसलं की त्याला बघायला येण्याची गरज नाही, तो आधी रस्ता बंद करतो, मग विचारतो. त्याला स्वतःची नोकरी प्यारी आहे. कागद तासाभरात निघतो. पण ते बाहेर काढलं की आतल्या मोठ्या पडद्यावर, पाहुण्यांच्या समोर, राहिलेल्या पत्रांच्या शून्याचं एक होणार. लाल. म्हणून मघाशी नवीन लिहा म्हणाले. झालं, आता कळलं तुम्हाला. उगाच कळलं, पण कळलं.

ट्रक कुठवर आलेत? विचारा बाइकेंना. करा फोन, टेकाडावर असले तर उचलतील. ...काय म्हणतात? वळणावर धूळ दिसतेय? मग ते जवळच आलेत की. म्हणावं दांडा टाका. आत्ता. कागद नाही म्हणावं अजून, पण टाका, आणि वाद घालत राहा. वाद घालण्यात आपली माणसं कुठं कमी पडतात? म्हणावं चहा पाजा, मेंढरांची चौकशी करा, त्यांच्या सुनांची चौकशी करा. सांगा ना, माझ्या तोंडाकडे काय बघताय!

हे बघा, उघडलं. हे पहिलं. क्रमांक... तारीख तीच राहू दे. पाठवलं.

हॅलो? प्रांत कचेरी? मी रस्तेखात्याच्या इनबॉक्सवरून बोलतेय, बुरूल. तुमच्याकडे आत्ता एक पत्र आलं असेल... हो, मुदत उलटलेलं. हो, मला दिसतेय तारीख. त्याचं नंतर बोला, भावा, आधी फोटो उघडा. उघडलात? ...तेच. ट्रक पुलासमोर उभे आहेत. माणसं आहेत वर. नाही, बघायला जायला वेळ नाहीये. तुम्ही हुकूम काढा आणि थेट राखणदाराच्या नंबरवर पाठवा, मी नंबर देते, एजे, नंबर सांगा, जोरात सांगा, आता काय हळू बोलताय! ...हो. हो. पत्त्यावर नको, फोनवरच. धरून ठेवते.

आला? बाइके काय म्हणतात? आला त्यांना? शिक्क्यासकट? वाचून दाखवा म्हणावं ड्रायव्हरला. मोठ्यानं. ...काय म्हणतोय तो? माझ्या आईवरून? बरं, द्यायच्या तेवढ्या देऊ दे. ट्रक मागे घेतोय का ते विचारा. ...खाली उतरली सगळी? पोरं पण? बरं. बरं.

बसा दोन मिनिटं. चहा दुसरा करते—

हो साहेब? ...हो, मला दिसलं. एक. ...नाही, मशीन बिघडलेलं नाही. सारी-तालाच्या पुलाचं पत्र आहे, मी काढलं बाहेर. ...हो, पाहुण्यांसमोर, माहीत आहे. ...शुभेच्छांमध्ये गेलं होतं, नियमामुळे, पण नुसतं नियमामुळे नाही. ...कोण? नाही साहेब. नुर्झामाल नाही. तिला काही विचारू नका, तिचा त्यात काही संबंध नाही. येते. पाहुण्यांना थांबू दे, येते मी आत.

एजे, तुम्ही निघा आता. खालून सहा नंबरची मार्शरुत्का, मिनीबस सुटते, ती गाठा. नाही, काही बोलू नका, कुणी विचारलं तर माझ्या टेबलाशी आला होतात हेही सांगू नका. आता जे बोलणं होईल ते आमच्या कचेरीचं आहे, तुमच्या ऐकण्याचं नाही. जा ना. आणि दार ओढून घ्या. — तसं नाही, पूर्ण. पूर्ण लावा.