गुळव्याची तहान

माझं म्हायार गगनबावड्याकडचं, पावसातलं, आनि दिलं बिद्रीच्या अंगाला, उसाच्या मुलखात. आमचं मालक गुळवं. म्हंजे गुऱ्हाळात काहिलीम्होरं हुबं ऱ्हायाचं, रस कवा आटला, कवा उतरायचा, ते त्येनीच सांगायचं, बाकीची सगळी त्येंच्या तोंडाकडं बघत. काय सांगू तुमास्नी, हाताला गोडी, पर तोंडानं लई कडू मानूस.

एका सुगीला पाय सुजलं, धाप लागाय लागली. कोल्हापुरात डाक्टरला दावलं. त्यो म्हनला, काळीज मोठं झालंय, अंगात पानी साठतंय, ही लघवीची गोळी रोज घ्या, मीठ बंद, पानी कमी. सूज उतरली की, आमी पेढं वाटलं. पर पावनं, त्यानं एक इचारलं न्हाय, बाबा तू काम काय करतोस. मालक लग्नातला कोट घालून गेलतं, त्याला वाटलं आसंल कुटंतरी कचेरीत.

आता गुळव्याला काहील सोडून हलता येतंय व्हय? घटकाभर इकडंतिकडं झालं की गूळ गेला. आनि गोळी घेतली की घडीघडी उठाय लागायचं. मग मालकांनी पानीच सोडलं. गोळी कोरडी गिळायची आनि दिसभर जाळाम्होरं घाम गाळायचा. मी म्हनलं, अवो घोटभर तरी घ्या. तर म्हनलं, डाक्टरनंच कमी सांगितलंय, तू गप.

सुगी सरता सरता सूज परत आली. डाक्टरनं रगत तपासलं न्हाय, लघवी तपासली न्हाय, गोळ्या तेवढ्या दुप्पट केल्या. मग अन्न नको झालं, उलट्या, अंगाला खाज. मिरजंला न्हेलं तवा तिथल्या डाक्टरनं सांगितलं, किडन्या गेल्या, गोळ्यांनी आनि कोरडं ऱ्हाऊन. मी इचारलं, काळजाचं कसं हाय? म्हनला, काळीज बरं हाय. ऐका, काळीज बरं हाय म्हनं.

शेवटाला तिथंबी पानी बंदच, अंगात साठतंय म्हनून. जलमात कुनाफुडं हात पसरला न्हाय त्यो मानूस माझ्याकडं पानी मागायचा, आनि मी फडकं वलं करून व्हटाला लावायची. तसंच गेलं, कोरडं.

त्या कोल्हापूरच्या डाक्टरनं दवाखान्यावर आता माडी चढवलीया. त्याचं बरं हू दे, आसं माझ्या तोंडातनं निघत न्हाय, आनि शिव्या दिऊन दिऊन तोंड दमलं. तुमी लिवा काय लिवायचं ते. पर आसं उठू नका, ह्यो गूळ घ्या, आनि तांब्या रिकामा करा, सगळा. ह्या घरातनं कुनी तहानल्यालं गेलं तर मला आता सोसत न्हाय.