नियम सातवा आणि खिडकीजवळची खुर्ची

अध्यक्षस्थानी असलेले प्राचार्य, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, माझे सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि ज्यांना निवृत्तीचा निरोप द्यायला आज हे सभागृह भरलं आहे ते आपले कायद्याच्या तत्त्वज्ञानाचे सर,

मला पाच मिनिटं दिली आहेत. ग्रंथपालाला वेळ पाळता येते. सरांना ती कधी पाळता आली नाही, हे मागच्या बाकांना ठाऊक आहे.

ग्रंथालय आणि सरांचा वर्ग यांच्यामध्ये एक पातळ भिंत. त्यामुळे कायद्याची पदवी न घेताही दरवर्षी त्यांचं पहिलं व्याख्यान मी ऐकत आले. "एक पंथ म्हणतो, अन्यायी कायदा हा कायदाच नव्हे. दुसरा म्हणतो, रीतसर केलेला कायदा वाईट असला तरी कायदाच. तिसरा म्हणतो, पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, न्यायाधीश ठरवील तो कायदा." मग टेबलावर थाप. "मी दुसऱ्या पंथाचा!"

ती थाप पोकळ नव्हती. ग्रंथालयाची नियमावली सरांनीच लिहिली. नियम सातवा: प्रवेश फक्त विद्यार्थ्यांना आणि सेवेतील शिक्षकांना. तेव्हा सरांचेच निवृत्त गुरुजी रोज खिडकीजवळच्या खुर्चीत वाचत बसायचे. मी विचारलं, "त्यांचं काय?"

"बाई, नियमाला नातीगोती नसतात."

गुरुजींना मी दारातूनच परत पाठवलं. चष्मा पुसत ते जिना उतरले. पुढे त्या खुर्चीत कोण बसू लागलं, हे सांगायला हवं का?

गेल्या सोमवारी सर आले. "एक तारखेपासून मी... तो सातवा नियम..."

"तुम्हीच लिहिलाय, सर."

"हो. आहे तो आहे." गेले.

बुधवारी पुन्हा हजर. "अन्यायी नियम हा नियमच नव्हे, असंही एक मत आहे बरं का."

"कुणाचं?"

"आजवर माझं नव्हतं."

शुक्रवारी तिसरा पंथ. "शेवटी काउंटरवरची व्यक्ती म्हणेल तोच नियम. बाई, नवा चष्मा शोभतो तुम्हाला."

चष्मा नऊ वर्षांचा आहे.

मी हसले नाही. तेव्हा सर खाली बघून म्हणाले, "घरी पुस्तकं भरपूर आहेत हो. पण ही गेल्यापासून दुसऱ्या कुणी पान उलटल्याचा आवाज येत नाही."

सर, निकाल आज सगळ्यांसमोर देते. नियम मोडणार नाही. ज्या नियमाने गुरुजींना जिना उतरायला लावला, तो तुमच्यासाठी गुपचूप वाकवला तर मला आरशात बघवणार नाही. नियम बदलावा, निवृत्तांना दार उघडावं, असा अर्ज मी प्राचार्यांना दिला आहे. समितीला वर्ष लागेल. समित्या आपल्याला नवीन नाहीत.

तोवर भाषांतराच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात एक जागा रिकामी आहे. प्रवेश अर्ज भरून आणलाय. विद्यार्थ्याची सही तेवढी बाकी आहे. पालकाच्या सहीची जागा मोकळी दिसली, तिथे मी केली. हजेरी पंचाहत्तर टक्के लागते, आणि हा नियमसुद्धा तुमचाच.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. आणि सर, सोमवारी येताना ओळखपत्र आणा. नाही तर दारातून परत पाठवीन.