यारीवर बसलेला मेव्हणा

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. आज एकच प्रश्न — दुसऱ्याच्या चुकीने माझ्या जिवावर बेतणार असेल, तर मी भरवसा कशावर ठेवायचा? विम्यावर? हसू नका! आमच्या पखवाजवाल्या आबांनीही काढलाय म्हणतात — मी बेसूर गेलो की त्यांना भरपाई! पण गोष्ट हसण्याची नाही.

घोटेवाडी नावाचं गाव. माणसं विहिरी खोदणारी. विहिरीच्या काठावर यारी, म्हणजे ओझं वर-खाली करायचं यंत्र, उभी करायची, तिच्या तारेच्या दोराला लोखंडी बादली बांधायची, आणि त्या बादलीत उभं राहून माणूस साठ फूट खाली! त्यांची एक रीत होती. जो खाली उतरेल, त्याच्या यारीवर त्याच्या बायकोचा भाऊ बसणार. सख्खा भाऊ का नाही? अहो, सख्ख्या भावाला वाटणी दिसते! मेव्हण्याला काय दिसतं? बहिणीचं कपाळ दिसतं, मंडळी.

गेना हा असा मेव्हणा. बहीण हौसा, तिचा नवरा सोपान खाली उतरणारा. नऊ वर्षं यारीवर गेनाच! रोज सकाळी गडी काय करायचा? जुन्या धोतराचं फडकं घ्यायचा आणि सगळा दोर त्यातून ओढायचा. एखादी तार तुटलेली असली की फडकं अडकतं. अडकलं — काम बंद! सोपान वैतागायचा, "अहो पाव्हणं, दोर तपासताय का नवरीला हळद लावताय?"

"गप बसा, दाजी. माझ्या बहिणीसाठी करतोय."

मग आले विमावाले तांबट. भला माणूस बरं का! एक अक्षर खोटं बोलला नाही. ओसरीवर बसून म्हणाला, "दोर तुटू दे, ब्रेक सुटू दे, चूक कुणाचीही असू दे — घरच्यांना पैसे मिळणार." सोपानने सही केली, हौसाने चहा टाकला. आणि गेना? त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला! नऊ वर्षं एकट्याने वाहिलेली काळजी, ती आता कुणीतरी वाटून घेतली होती. बरं वाटलं त्याला. वाटणारच की!

पहिला आठवडा फडकं फिरलं. मग एक दिवस राहिलं. काही झालं नाही! काही होत नाही हो, तिथेच तर माणूस फसतो. मग दोन दिवसांआड. मग आठवड्यातून एकदा. "राहू द्या आता, विमा आहे ना," असं खुद्द सोपानच म्हणाला — आणि गेना हसला.

चैत्रातला मंगळवार. सोपान बादलीत उभा राहिला. गेनाने ब्रेक सैल सोडला. वीस फूट... तीस फूट... आणि ब्रेक हाताला एकदम हलका लागला. दोर तुटला होता! "दाजी!" — वरून हाक गेली. खालून काही आलं नाही.

दोन महिन्यांनी तांबट आले. पैसे आले, पुरते आले. विम्याने शब्द पाळला, मंडळी! तांबटांनी कागद पुढे केला. हौसाने विचारलं, "चूक कुणाची, ते लिहिलंय का ह्यात?"

"नाही ताई. अपघात, एवढंच. बाकीची गरज नसते."

दारात गेना उभा होता. दोन महिने त्याला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. जो तो पाठीवरून हात फिरवायचा, आणि त्या हातांनी तो आतून भाजून निघत होता. पुढे आला. "लिहा," म्हणाला. "माझी चूक. दोर मी तपासला नव्हता."

"अहो, असं काही बोलू नका—"

"बोलू द्या त्याला," हौसा म्हणाली. मग भावाकडे वळली. "पैसे घेते मी, दादा. पोरी शिकतील माझ्या. पण नऊ वर्षं मी घरात निवांत भाकरी थापल्या, त्या तुझ्या जिवावर रे!"

गेना उंबऱ्यातच बसला आणि हमसून हमसून रडला. तिने त्याला रडू दिलं.

विमा काढा, मंडळी, जरूर काढा! पांडुरंग काही तुमचा हप्ता भरायला येणार नाही. पण विमा येतो माणूस गेल्यावर. माणूस जाऊ नये म्हणून कोण येणार? दुसऱ्याच्या निष्काळजीपणाची भीती वाटते ना? मग कुणाच्या तरी घरचे ते 'दुसरे' आपणच असतो, हे कधी मनात येतं का?

माझ्याही येत नाही! तो डावीकडचा खांब बघा. त्याच्याजवळ जनरेटरची वायर सोललीय, दोन बोटं तांबं उघडं पडलंय. शेजारी बाया-लेकरं बसलीत. उभा राहिलो तेव्हाच मला दिसली ती. मनात काय म्हणालो? मांडववाला बघेल! तुम्हालाही दिसली असेल. खोटं बोलू नका, समोर देव आहे.

आबा, पखवाज थांबवा. गजर आता होणार नाही. आधी कुणीतरी उठा, जनरेटर बंद करा...

बघा! पुन्हा म्हणालो — कुणीतरी!

बसा, मंडळी. मीच जातो. बायांनो, लेकरांना घेऊन जरा अलीकडे सरका.