दाराजवळची खुर्ची

अंबरनाथच्या डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून साईनाथला डोळे मिटून बसवलं होतं. शेजारच्या दोघी बहिणी त्याला नुसत्या ऐकू येत होत्या. त्यांची आई आत तपासणीला गेली होती.

“राजसी, सरक. दाराजवळ मी बसते. आईने हाक मारली तर?”

“बस ना, ताई.”

“तू बंगलोरला नेमकं करतेस काय गं? आई अख्ख्या बिल्डिंगला सांगत फिरते.”

“फळमाशीची अंडी बघते.”

“मी आईच्या गोळ्या बघते. ते कोणाला नाही सांगत.”

“ऐक तर. अंड्यात डोकं कुठे येणार, हे त्याची आईच ठरवते. एका टोकाला ती एक प्रथिन बनवायची कृती ठेवते. प्रथिन तिथे बनतं आणि पसरत जातं. दाट असेल तिथे डोक्याची जनुकं चालू होतात, विरळ तिथे छातीची.”

“आणि जिथे पोचतच नाही?”

“तिकडे शेपूट.”

“कळलं मी कुठे आहे ते.”

“ताई, हे सगळं अंतरावर असतं गं.”

“अंतर? मी बदलापूर गावात तिच्या शेजारच्या खोलीत. तू विमानाने येतेस. तरी दाट तुझ्याकडेच?”

“आईने जास्त ठेवलं तर डोकं मागेपर्यंत पसरतं.”

“तेच दिसतंय मला.”

दार उघडलं. नर्स म्हणाली, “आजींसोबत एकच जण आत या.”

“जा बाई, तुलाच बोलावलं असेल.”

“नाही, मोठीला पाठवा म्हणाल्या,” नर्सने सांगितलं. “धाकटी माश्यांचंच बोलत बसते.”

चपला घाईघाईने आत गेल्या.

राजसी उठल्याचा आवाज आला. मग दाराजवळची खुर्ची करकरली.

साईनाथही चाचपडत एक खुर्ची पुढे सरकला.