देव्हाऱ्यातला घोडेस्वार

अनसाबाई : सोनारानं बाकीचं सगळं देव उजळून दिलं. खंडोबा दिला, बाणाई दिली, आन् ह्यो एकच माझ्या हातावर परत ठिवला. म्हणला, मावशी, ह्यो पत्र्यावर ठोकून काढलेला टाक न्हाई.

हरिबा : दौंडचा सोनार त्यो. त्याला धनगराच्या देव्हाऱ्यातलं काय कळतंय?

अनसाबाई : देव्हारा नसंल कळत, धातू तर कळतो? म्हणला, मागच्या अंगाला कुणाचं तरी तोंड हाय आन् कडंनं इंग्रजीवानी अक्षरं. अवं, आठ वर्सं मी ह्याला माझा लेक बिरदेव म्हणून कुंकू लावतीया. सोमवारी पूनमचं लगीन. त्याच्या आदी देव पाटावर बसवायचं. मेलेल्या भावाचा टाक नगं का तिथं? खरं सांगा, काय हाय ह्ये?

हरिबा : घोडेस्वार हाय का न्हाई त्याच्यावर?

अनसाबाई : हाय.

हरिबा : मग? घरातला गडी अवेळी गेला की त्याचा टाक घोड्यावरच काढत्यात. आपल्या थोरल्या चुलत्याचा न्हाई का, तसाच. वीर म्हंजी घोडेस्वार. झालं.

अनसाबाई : झालं कसं? ह्ये तुम्ही जमवलेल्या त्या जुन्या नाण्यांतलं तर न्हाई?

हरिबा : आता इचारतीयास तर... हाय. रोमचं नाणं हाय. ब्राँझचं. सोळाशे-सतराशे वर्सं झाली त्याला. मागं तोंड हाय ते राजाचं. तांब्याच्या टाकापरीस लई जुनं हाय, कमी समजू नगंस.

अनसाबाई : आगं बाई गं! परक्या मुलखाचं नाणं माझ्या लेकाच्या जागेवर?

हरिबा : परकं काय त्यात? मी तर म्हणतो, आपलीच माणसं वाटत्यात ती. एक नाणं हाय माझ्याकडं, लांडगीण दोन पोरांना दूध पाजतीया. सख्खं भाऊ, जुळं. नदीत सोडून दिलेली पोरं. आन् उचलून घरी कुणी न्हेली? मेंढक्यानं! आपल्यासारख्याच. त्यानं वाढवली, मग त्या पोरांनी येवढं रोम शहर वसवलं. बिरदेव लहानपणी रोज सांगायला लावायचा. म्हणायचा, आबा, त्या मेंढक्याचं नाव तुमच्यासारखंच हरिबा आसंल.

अनसाबाई : लांडग्यानं माझ्या बाच्या मेंढरांच्या वाड्यातली अठरा कोकरं फाडली, आन् तुम्ही लांडगिणीचं कवतिक सांगताय मला. तीस वर्सं यष्टीत तिकिटं फाडली आन् सुट्टीच्या दिवशी नाण्यांवरच्या त्या पंखवाल्या बाया भिंगातनं बघत बसला. कोण इजयाची देवी, कोण सुगीची देवी, कोण शिंव्हाचं कातडं पांघरलेला पैलवान. सगळ्यांची नावं पाठ. पोरगी कुठल्या कॉलेजात जाणार व्हती त्याचं नाव सांगा बरं.

पूनम : (बापाचा अल्बम आणि भिंग घेऊन ओसरीवर येत) कॉलेजचं राहू दे, आई. जायचं होतं, गेले नाही. तू आधी हे भिंग धर आणि उजेडाला ये.

हरिबा : पूनम, कपाटाची किल्ली कुणी दिली तुला?

पूनम : किल्ली तुमच्या शर्टातच होती. आई, आधी घोडा बघ. कसा आहे?

अनसाबाई : घोडा... पुढचं गुडघं टेकल्यात त्यानं.

पूनम : आणि वरचा माणूस?

अनसाबाई : वरचा बसलेला न्हाई गं ह्यो. खाली यायलाय. हात मागं केलाय, कुणीतरी धरा म्हणल्यावानी.

पूनम : डावीकडं एक मोठा माणूस उभा आहे. त्याच्या हातात काय आहे?

अनसाबाई : काठी... न्हाई, भाला हाय. अगं, ह्यो तर त्याला भोसकतोय! मी आजवर ह्याला खंडोबाचा सेवेकरी समजत व्हते, घोड्याला धरून चाललाय म्हणून.

हरिबा : राजाचा शिपाई हाय त्यो. वैऱ्याला मारतोय. तशी लाखांनी नाणी पाडली त्यांनी. कडंनं लिवलंय, सुखाचं दिस परत आलं.

अनसाबाई : सुखाचं दिस? माझा लेक गाडीवरनं पडून गेला, आन् तुम्ही मला पडणाऱ्या माणसाची पूजा करायला लावलीत? रोज दुधानं धुतलं, सणाला पुरणाचा निवद दावला. पूनमचं जमलं तवा पयलं ह्यालाच सांगितलं, तुझ्या भणीचं ठरलं रं बाबा म्हणून. तुम्हाला ठावं व्हतं ह्ये असं हाय?

हरिबा : व्हय.

अनसाबाई : आठ वर्सं?

हरिबा : अनसा, मी ते टाक म्हणून ठिवलंच नव्हतं. तेराव्याच्या आदल्या दिशी देव्हाऱ्यात नुसतं ठिवलं. तू आलीस, घोडा बघितलास आन् म्हणलीस, लेकाचा टाक आणला का? माझ्या तोंडातनं व्हय गेलं. एकदा व्हय म्हणल्यावर मागं कसं फिरायचं? तू त्या दिशी पयल्यांदा दोन घास खाल्लं व्हतंस.

पूनम : पण नुसतं तरी का ठेवलं, आबा? दोनशे नाणी अल्बमात आहेत, हेच एक देव्हाऱ्यात का?

हरिबा : ठिवलं. आता लगीन चार दिसांवर आलंय, उगं जुनं उकरू नगंस.

पूनम : तुम्हीच लिहून ठेवलंय, मी नुसतं वाचते. कंडक्टर माणूस तुम्ही, नाण्यागणिक चिठ्ठी. काय चित्र आहे, कुणाकडनं आलं, कुठल्या तारखेला हातात पडलं. हा एक खण मोकळा आहे आणि चिठ्ठी तेवढी आत. 'पडता घोडेस्वार. पुण्याच्या व्यापाऱ्याकडून. दौंड कुरिअर. बिरदेवने आणले. एकोणीस जून.'

अनसाबाई : एकोणीस जूनला तर बिरदेव गेला.

पूनम : त्याच दिवशी.

अनसाबाई : त्यो तर तुझा कॉलेजचा फॉर्म भरायला गेला व्हता.

पूनम : गेला होता. फॉर्मची पोच त्याच्या पाकिटात सापडली, ती मी जपून ठेवलीय. वर वेळ आहे साडेअकरा. अपघात झाला पाच वाजता, भीमेच्या पुलाजवळ, घराकडं येताना. साडेअकरा ते पाच तो दौंडात काय करत होता, हे या घरात कुणी विचारलंच नाही. मी विचारलं तर तू म्हणायचीस, तुझ्याच रांगेत उभा होता पोरगा, आणि वर तोंड करून विचारतीस!

अनसाबाई : अवं, बोला की.

हरिबा : पार्सल चार वाजता मिळणार व्हतं. त्यो म्हणला, आबा, उद्या आणतो, भूक लागलीया. मी म्हणलं, थांब, आजच घेऊन ये, उद्या आयतवार हाय. थांबला बिचारा.

अनसाबाई : पुढं?

हरिबा : पुढं काय... निघाला.

पूनम : आबा.

हरिबा : मी फोन केला. मला दम निघंना. लई दिस त्या नाण्याच्या मागं व्हतो मी. इचारलं, घोडा नीट उमटलाय का? त्यो म्हणला, आबा, गाडीवर हाय. मी म्हणलं, अरं, नुसतं बघून सांग की, त्याला काय येळ लागतोय. तवर आवाज आला आन् फोन बंद पडला.

अनसाबाई : आई गं...

हरिबा : दवाखान्यात पोलिसानं ते माझ्या हातात दिलं. खिशात नव्हतं, अनसा. मुठीत व्हतं. घरी येऊन चिठ्ठी लिवली, सवयीनं लिवली, आन् नाणं काय खणात घालवंना. म्हणून देव्हाऱ्यात ठिवलं.

अनसाबाई : आन् मी ह्या पोरीला...

पूनम : म्हण की. तेराव्याला साऱ्या भावकीतल्या बायांच्या देखत म्हणालीस, हिच्या फॉर्मापायी माझा लेक गेला. ॲडमिशन लागली होती माझी. पत्र आलं ते तू चुलीत घातलंस. म्हणालीस, भावाच्या जिवावर शिकायची लाज वाटत न्हाई? मी सणसवाडीला कंपनीत पॅकिंगला उभी राहिले. आठ वर्षं राखीपुनवेला तू मला या देव्हाऱ्याजवळ येऊ दिलं नाहीस. आणि प्रत्येक वेळी आबा इथं, याच ओसरीवर बसलेले असायचे.

हरिबा : रोज म्हणायचो, उद्या सांगतो. तुझी शपथ, पूनम.

पूनम : माझी नका घेऊ, आबा. माझ्यावर आधीच पुष्कळ घातलंय तुम्ही.

अनसाबाई : मला सांगितलं असतं तर काय केलं असतं मी? शिव्या घातल्या असत्या, ऊर बडवून घेतला असता. पर पोर तर सुटली असती!

हरिबा : तू मला घरात ठिवलं नसतंस.

अनसाबाई : म्हणून पोरीला पुढं केलंत? रोमच्या मेंढक्यानं नदीतली परकी पोरं उचलून वाढवली म्हणून गोष्टी सांगता. आन् स्वताची पोरगी अशी बुडू दिली?

हरिबा : चुकलं माझं. आण ते हिकडं. आत्ताच्या आत्ता शिरूरला जातो, चांदीचा टाक करून आणतो. सोमवारी पाटावर नवा टाक बसंल.

अनसाबाई : हात लावू नगा त्याला! माझ्या लेकाच्या मुठीतलं हाय ते. त्यानं धरलेली शेवटची वस्तू ती. आता देव म्हणून त्याच्याकडं बघवंना आन् नाणं म्हणून फेकवंना. काय करून ठिवलंत तुम्ही माझं? लेक तर न्हेलात, त्याचा देव पण न्हेलात.

हरिबा : अनसा...

अनसाबाई : माझ्याशी बोलू नगा. पूनम, ये गं. जरा बस माझ्यापाशी.

पूनम : आठ वर्षं इथंच होते की, आई. आता मी सोमवारी चालले.