चौकटीवरची निळी रेघ

कचेरीच्या रांगेत बाळ माझ्या खांद्यावर नुकतंच झोपलं होतं, म्हणून मी जागची हलले नाही. माझ्या पुढे पांढऱ्या केसांची दोन भावंडं भिंतीवरचा नदीचा नवा नकाशा बघत होती.

"ताई, आपलं घर पूररेषेच्या आत घातलंय. आता तुझी खोली बांधायला परवानगी मिळायची नाही."

"आपल्या घरात पाणी कधी शिरलं रे? पायरीपर्यंत यायचं आणि माघारी जायचं."

"मोजणीवाल्यांना मीच चौकटीवरची निळी रेघ दाखवली. म्हटलं, ही आईने केलेली पुराची खूण."

"अरे शहाण्या, पुराची खूण पायरीवर आहे. चौकटीवर आई धाकट्याची उंची मोजायची."

"मी तेव्हा शिकायला बाहेर होतो, मला कुठलं ठाऊक? आणि रंग तर एकच आहे."

"पायरीवर खूण करून उरलेला. आई काही वाया जाऊ द्यायची का?"

"उद्या साहेब पुन्हा बघायला येणार आहेत. ती रेघ खरवडून टाकू?"

"हात तर लावून बघ. धाकट्याला बोलावून घे. तिथे उभा राहून दाखवेल त्यांना."

"आता मावेल का तो त्या रेघेखाली?"

"तेव्हा आईची नजर चुकवून टाचा उचलायचा. आता गुडघे वाकवेल."