मोकळी केलेली वाट

जबाब देणारी: मयताची सून. वय एकोणचाळीस. धंदा: घरी शिवणकाम. राहणार: गावाबाहेरील बंद रोपवाटिकेतील घर.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील घरात मी, माझे पती व सासरे असे राहत होतो. पती ट्रकवर चालक असल्याने बहुतेक बाहेर असतात. सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. रोपवाटिका त्यांचीच. काही वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी पूर्ण गेली, तेव्हापासून ती बंद आहे.

त्यानंतर सगळीकडे घाणेरी माजली. ती मामंजींनीच एके काळी कुंपणाला लावली होती. "शेळीसुद्धा तोंड लावत नाही," असे सांगून गावभर विकलीही होती. मी चिडवत असे, "मामंजी, तुमची लाडकी लेक आता स्वयंपाकघरात शिरतेय." ते म्हणत, "लेक कसली, सून आहे ती. आली आणि घर ताब्यात घेतलं." यावर आम्ही दोघेही हसत असू.

मामंजी रोज सकाळी मागच्या दाराने पाण्याच्या जुन्या टाकीपर्यंत एकटे जात, कट्ट्यावर बसत व परत येत. वाटेच्या डाव्या बाजूला घाणेरीची पुरुषभर उंच भिंत होती. तिच्यावर डावा हात फिरवत ते चालत. काटे लागतात म्हणून मी त्यांना जाड कापडाचा हातमोजा शिवून दिला होता. काठी घ्या म्हटले की चिडत. "इथला खडा न् खडा मला पाठ आहे. काठी म्हाताऱ्यांना दे." मी ते खरे धरून चालले. हात फिरवणे ही मला माळ्याची सवय वाटली.

मागील आठवड्यात त्यांच्या पायाजवळून साप गेला. तेव्हा घाणेरी काढण्याचा हट्ट मीच धरला. मामंजी म्हणाले, "काढा. मलाही त्या वासाचा कंटाळा आलाय." कापली की ती दुप्पट फुटते, म्हणून मुकादमाच्या टोळीकडून मी ती मुळासकट उपटून घेतली. काम परवा संपले. भिंतीपलीकडची दगडाची जुनी खाण उघडी पडली. तिच्यात बारमाही पाणी असते. मुकादम म्हणाला, "ताई, इथं तार ओढून घ्या." पती एक-दोन दिवसांत येणार होते, ते आल्यावर ओढू असे मी ठरवले. मामंजींना खाणीचे सांगितले, तर म्हणाले, "ती कुठे आहे ते तू मला सांगणार? तुझ्या लग्नाआधीपासूनची आहे ती."

काल सकाळी ते हातमोजा घालून दारात उभे होते. मी म्हटले, "आता कशाला तो? एक काटा ठेवलेला नाही." त्यांनी तो काढून माझ्या हातात दिला. मग डावा हात खांद्याएवढा उचलून ते निघाले. हात हवेतच होता. ते मी पाहिले. मला त्याचे हसू आले व मी आत जाऊन मशीनवर बसले.

उपटलेला ढीग जाळण्यासाठी मुकादम टाकीजवळ आला होता. त्याने मला सांगितले की, मामंजी वाट सोडून डावीकडे सरकत होते. तो ओरडला, "बाबा, थांबा!" मामंजींनी आवाजाकडे तोंड करून, रामराम घालावा तसा हात वर केला व पुढे गेले. मुकादम धावला, परंतु पोहोचू शकला नाही. मी पळत गेले तेव्हा पाणी हलत होते. मामंजी मला बापापेक्षा जवळचे होते, हे जबाबात बसत नसले तरी लिहावे.

माझा कोणावर संशय नाही. मुकादमाची काही चूक नाही.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "तोल जाऊन पाण्यात पडले" असे लिहिले आहे, ते मला मान्य नाही. त्यांचा तोल गेला नव्हता. ते रोजच्यासारखेच चालत होते, हात लागेपर्यंत डावीकडे सरकत होते. तेवढे दुरुस्त करून घ्यावे. बाकी मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.